गळ, दोरा आणि पहिले शील

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी लेख पाठवावेत, असे पत्र आले, तेव्हा आम्हां दोघांनाही प्रथम आनंद झाला आणि मागोमाग संकोच वाटला. एकाच वर्गात, वसतिगृहाच्या एकाच खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर आम्ही सहा वर्षे काढली. आज योगायोगाने अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहरात, एकमेकांपासून वीस मिनिटांच्या अंतरावर राहतो. म्हणून लेखही एकत्रच लिहावा, असे ठरले. परंतु लिहावे कशावर? नोकरीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. संगणकासमोर बसणाऱ्या माणसांचे दिवस सगळीकडे सारखेच असतात. गेल्या काही वर्षांत एखादी गोष्ट आम्ही पहिल्या धड्यापासून, चुकतमाकत, गुरूच्या हाताखाली शिकलो असू, तर ती एकच. समुद्राच्या काठावर उभे राहून सॅल्मन मासा गळाला लावणे, त्याच्याशी झुंज घेणे आणि त्याला काठावर आणणे.

हा विषय या स्मरणिकेत शोभेल का, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शाळेच्या सभागृहात रोज सकाळी रांगेने बसून आम्ही पंचशील ग्रहण करीत असू आणि त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. त्या वयात ते आमच्या तोंडी पाठ होते. पण त्याचा अर्थ आमच्या वाट्याला कधी आला नव्हता. वसतिगृहाच्या जेवणात वरण, भात, भाकरी आणि पालेभाजी. सुट्टीहून परतताना कुणी पेटीत सुकटीची पुरचुंडी लपवून आणली, तर सगळ्या खोलीची चैन. जीव घेण्याचा किंवा न घेण्याचा प्रश्न आमच्यापुढे कुणी ठेवलाच नाही. तो प्रश्न तीस वर्षे उलटून गेल्यावर, सातासमुद्रापलीकडच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर, चार पौंडांच्या एका माशाने ठेवला. म्हणून हा लेख.

आमच्यापैकी एक गोदाकाठचा. त्याचे वडील बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ घेऊन डोहाकाठी बसत आणि नशीब असेल त्या दिवशी मरळ घेऊन येत. दुसरा दुष्काळी माळावरचा. त्याने जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो शहराच्या बाजारात, बर्फावर अखेरचे कल्ले हलवताना. सोयीसाठी या लेखात आम्ही एकमेकांना 'गोदाकाठचा' आणि 'माळावरचा' असेच म्हणू.

प्रथम माशाविषयी. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्यामुळे आम्हांलाही सॅल्मन म्हणजे थंड पाण्यातला रावस, असेच वाटत होते. प्रत्यक्षात दोघांचा काही संबंध नाही. रावस निराळ्या कुळातला. सॅल्मनचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात, वाळू-खड्यांखाली घातलेल्या अंड्यांतून होतो. तो समुद्रात जाऊन वाढतो आणि शेवटी बहुधा आपल्याच नदीत परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. सिअ‍ॅटलच्या आसपास त्याच्या पाच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. यांतला पिंक सर्वांत लहान, बहुधा तीन ते पाच पौंडांचा. त्याचे आयुष्य बरोबर दोन वर्षांचे. सिअ‍ॅटल ज्या आखाताकाठी वसले आहे त्या प्युजेट साउंडमध्ये तो प्रामुख्याने विषम वर्षी येतो. सम वर्षी जवळजवळ दिसतच नाही. ऑगस्ट महिन्यात त्याचे थवे किनाऱ्याला इतके लगटून जातात की नाव नसलेल्या माणसालाही, काठावरून फेकलेल्या गळाने, तो मिळू शकतो. नवशिक्यांची शाळा भरते ती पिंकच्या वर्षी.

आम्ही या शाळेत दाखल झालो ते २०१९ साली. शहराच्या पश्चिम भागात, फॉन्टलरॉयच्या फेरीबोटीच्या धक्क्याशेजारी, लिंकन पार्क नावाचे झाडीचे उद्यान आहे आणि त्याच्या पायथ्याशी गोट्यांचा लांबलचक किनारा. पहाटे पाच वाजता तेथे पोहोचलो, तर आमच्याआधीच चाळीसएक माणसे हातभर अंतरावर उभी. व्हिएतनामी, फिलिपिनो, लाओसचे, मेक्सिकोचे, गोरे, काळे. निवृत्त कामगार आणि शाळकरी मुले. कुणी कुणाशी फारसे बोलत नव्हते, पण सर्वांचे डोळे एकाच पाण्यावर लागले होते. वसतिगृहाच्या एकुलत्या हौदापाशी सकाळी अशीच रांग असे.

सामान आम्ही दुकानदाराच्या सल्ल्याने घेतले होते. साडेआठ फुटांची लवचीक काठी, मध्यम आकाराचे रीळ, बारा पौंडांचा ताण सोसणारा दोरा आणि टोकाला 'बझ बॉम्ब' नावाचे, गुलाबी रंगाचे, शिशाचे चपटे आमिष. ते पाण्यात बुडताना गरगर फिरते व थरथरते आणि ती थरथर माशाला जाणवते, असे म्हणतात. येथे सॅल्मनसाठी गळाला एकच टोक असावे आणि टोकामागचा उलटा काटा काढलेला किंवा चिमट्याने दाबून सपाट केलेला असावा, असा कायदा आहे. हा नियम वाचून गोदाकाठचा हसला. उलटा काटा नसेल, तर मासा अडकून राहीलच कसा? त्याच्या वडिलांचा गळ उलट्या काट्यावरच भरवसा ठेवी. या प्रश्नाचे उत्तर मिळायला आम्हांला पंधरा दिवस लागले.

पहिले दोन रविवार आम्ही फक्त फेकायला शिकलो. काठी मागे नेऊन पुढे आणताना दोरा नेमक्या क्षणी बोटातून सोडावा लागतो. लवकर सोडला तर आमिष आकाशात जाते, उशिरा सोडला तर पायाशी आपटते. माळावरच्याने एकदा शेजाऱ्याच्या दोऱ्यावरून दोरा टाकला आणि दोघांचा गुंता सोडवता सोडवता भरतीची सर्वांत चांगली वीस मिनिटे गेली. शेजारी रागावला नाही. त्याने गुंता कापला आणि मासा उसळेल तेथे आमिष टाकू नका, तो ज्या दिशेने चालला आहे त्याच्या पुढे टाका, असे तेवढे सांगितले. पिंकचा थवा किनाऱ्याला समांतर जातो. एखादा मासा पाण्याबाहेर उडी मारतो, क्षणभर चांदीसारखा चमकतो आणि आडवा पडतो. तेथे आमिष पोहोचेपर्यंत थवा पुढे गेलेला असतो.

तिसऱ्या खेपेस गोदाकाठच्याला मासा लागला. आमिष खाली सोडावे, काठी हलकेच वर उचलावी, पुन्हा सोडावे, असे चालले असताना सोडण्याच्या क्षणी दोरा अचानक थांबला. रक्तातली सवय उसळली. वडील जसे बांबूच्या काठीला हिसडा देऊन मरळ थेट मागच्या झुडपात फेकीत, तसाच हिसडा त्याने दिला. पिंकचे तोंड नाजूक असते. गळ सुटला आणि शिशाचे आमिष गोळीसारखे आमच्या डोक्यांवरून मागे गेले. गळाच्या टोकाला माशाच्या ओठाचा पातळ पांढरा तुकडा होता. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

तेवढ्यात पलीकडून एक वृद्ध गृहस्थ आले. साठी-सत्तरीच्या मधले, डोक्यावर विटकी टोपी, पायांत कंबरेपर्यंतचे रबरी बूट. ते कंबोडियाचे. तरुणपणी निर्वासित होऊन या भागात आले आणि तेव्हापासून प्रत्येक विषम वर्षी या किनाऱ्यावर येतात, असे पुढे समजले. त्यांचे इंग्रजी तुटक होते, आमचेही त्यांना तसेच वाटत असावे. त्यांनी गळाच्या टोकाचा तो तुकडा बोटाने काढला, पाण्यात टाकला आणि आमची काठी हाती घेऊन दाखवले की मासा लागल्यावर हिसडा द्यायचा नसतो. काठी एकदाच, ठामपणे, खांद्यापर्यंत उचलायची आणि तेथेच धरायची. "मासा स्वतः ओढील. तुम्ही फक्त दोरा सैल पडू देऊ नका," ते म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही त्यांना 'काका' म्हणू लागलो. मराठीतला हा शब्द त्यांना आवडला. अर्थ सांगितल्यावर, आमच्याकडेही अनोळखी वडीलधाऱ्याला असेच म्हणतात, असे ते म्हणाले.

काकांनी आम्हांला झुंज शिकवली. रिळाला ड्रॅग नावाची चकती असते. ती ठरावीक ताणापलीकडे दोरा आपोआप सुटू देते. आम्ही ती घट्ट आवळून ठेवली होती, मासा जाऊ नये म्हणून. काकांनी ती सैल केली. दोरा जेवढा ताण सोसतो, त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास ड्रॅग सुटू लागला पाहिजे. मासा पळू लागला की रीळ फिरवायचे नाही. त्याला जाऊ द्यायचे. रीळ कुरकुर करीत दोरा देत राहते आणि काठीचा वाक त्याला दमवतो. तो थांबला की काठी हळूहळू वर उचलायची, मग ती खाली आणता आणता जेवढा दोरा मोकळा होईल तेवढाच गुंडाळायचा. उचलणे आणि गुंडाळणे, उचलणे आणि गुंडाळणे. तो एका बाजूला वळला, तर काठी उलट बाजूला झुकवायची. मासा डोके झटकतो तेव्हा काठीच्या टोकातून मनगटापर्यंत टकटक येते. त्या वेळी घाई केली की गेला. आणि उलटा काटा नसलेला गळ टिकतो तो एवढ्याचसाठी, की दोऱ्यातला ताण कधीच तुटत नाही. तो क्षणभर शून्य झाला की गळ आपोआप गळून पडतो. गोदाकाठच्याच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. उलट्या काट्याचे काम आता आमच्या हातांना करायचे होते.

ताण धरायचा, पण तोडायचा नाही. सैल सोडायचे, पण सुटू द्यायचे नाही. हे ऐकताना आम्हां दोघांनाही एकदम शाळेतला एक तास आठवला. सरांनी सोण स्थविराची कथा सांगितली होती. अतिकष्टाने पाय रक्तबंबाळ झालेल्या सोणाला भगवंतांनी वीणेची तार विचारली: अति ताणलेली वाजते का? अति सैल वाजते का? त्या कथेचा उपयोग अभ्यासाच्या वेळापत्रकासाठी करावा, असे सरांनी सांगितले होते. आम्ही तिचा उपयोग मासा मारण्यासाठी करीत आहोत, हे जाणवून माळावरचा हसला आणि लगेच गप्प झाला.

ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी आम्ही पहिला मासा काठावर घेतला. गळ माळावरच्याचा होता. मासा तीनदा पळाला, एकदा थेट आमच्या दिशेने आला, तेव्हा दोरा सैल पडू नये म्हणून त्याला गोट्यांवरून धडपडत मागे पळावे लागले. काठाजवळच्या उथळ पाण्यात येताच माशाने आम्हांला पाहिले आणि शेवटची, सर्वांत जोरकस धाव घेतली. सर्वाधिक मासे सुटतात ते येथेच, असे काकांनी बजावले होते. काठीने मासा उचलायचा नाही. पाण्याबाहेर त्याचे सारे वजन दोऱ्यावर येते. लाट आत येईल तिच्याबरोबर मागे चालत जायचे, म्हणजे लाटच त्याला गोट्यांवर आणून ठेवते, किंवा पाण्यात आधीच बुडवून धरलेल्या हातजाळ्यात त्याला डोक्याकडून येऊ द्यायचे. गोदाकाठच्याने जाळे धरले होते. मासा आत आला आणि आम्ही दोघांनी मोठ्याने आरोळी ठोकली. किनाऱ्यावरच्या काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

मग कळले की आता तो मारायचा आहे.

याची तयारी आम्ही केली नव्हती. काठी, रीळ, आमिष, जाळे, परवाना, सर्व काही घेतले होते. हे घ्यायचे राहिले होते. मासा जाळ्यात तोंड उघडीत होता, मिटीत होता. काका आले, त्यांनी आपला लाकडी सोटा गोदाकाठच्याच्या हाती दिला आणि डोळ्यांच्या वरच्या भागावर बोट ठेवून दाखवले. "एकदाच. जोरात. दोनदा मारावे लागले, तर तुमची चूक." गोदाकाठच्याने मारले. माशाच्या अंगभर एक थरथर गेली आणि तो निपचित झाला. काकांनी सुरीने कल्ले कापले. पिंकचे मांस लवकर मऊ पडते, म्हणून रक्त लगेच वाहू द्यावे लागते आणि मासा बर्फात ठेवावा लागतो. त्यानंतर कार्ड. येथे ठेवलेला प्रत्येक सॅल्मन तत्क्षणी शाईने नोंदवावा लागतो: तारीख, क्षेत्र, जात. माळावरच्याचा हात इतका कापत होता की अक्षर त्याचे त्यालाच लागले नाही.

त्या रात्री रस्सा केला. काळा मसाला गावाकडून आलेला होता. तुकड्या तिखट, हळद, मीठ लावून रव्यात तळल्या. माशात गाभोळी निघाली, मोहरीपेक्षा बरीच मोठी, नारिंगी मण्यांसारखी, तीही तळली. जेवण उत्तम झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु माळावरच्याने गाभोळीला हात लावला नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही काकांना सरळ विचारले. ते विहारात जातात, हे आम्हांला ठाऊक होते. पहिल्या शिलाचे काय? ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, की उपोसथाच्या दिवशी ते काठीला हात लावीत नाहीत. इतर दिवशी धरतात. पुढच्या उपोसथाला पुन्हा शील घेतात. "मोडले, हे मला माहीत असते. मोडले नाही, असे मी कधी म्हणत नाही." त्यांच्या तरुणपणी त्यांच्या देशात भुकेने माणसे मेली. त्याविषयी ते एक वाक्य बोलले आणि थांबले. आम्ही पुढे विचारले नाही.

दोन वर्षांनी, २०२१ साली, आम्ही स्वतःला जाणते समजू लागलो होतो. फेक लांब जाई, झुंज साधे, जाळ्याशिवाय लाटेवर मासा काठावर घेता येई. आमची सर्वांत मोठी चूक त्याच वर्षी घडली. एका सकाळी आमच्या गळाला चारएक पौंडांचा मासा लागला. पिंकच, असे गृहीत धरून आम्ही त्याला सरळ गोट्यांवर ओढले. तो तेथे आपटत राहिला, खवले दगडांना चिकटले. कल्ल्यात बोटे घालून त्याला उचलले आणि घरी पाठवायला छायाचित्रे काढली. एक नीट आले नाही म्हणून दुसरे, मग तिसरे. शेजारच्या एका बाईंनी वळून पाहिले आणि शांतपणे विचारले, "हिरड्या पाहिल्या का?"

हिरड्या काळ्या होत्या. शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर बारीक ठिपके होते. पिंकचे ठिपके मोठे, लंबगोल असतात. पाठीवर, शेपटीजवळचा तो लहानसा मांसल पर शाबूत होता. माशांच्या उबवणी केंद्रात वाढवलेल्या माशांचा तो पर बहुधा कापलेला असतो, म्हणजे हा नदीत जन्मलेला. लहान वयाचा चिनूक. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. या पाण्यात फिरणाऱ्या, पाऊणशेच्या आसपास उरलेल्या ओर्का देवमाशांचे मुख्य अन्नही तोच. असा मासा पाण्याबाहेर न काढता, चिमट्याने गळ उलटा फिरवून, तेथल्या तेथे सोडून द्यायचा असतो. आम्ही धावत त्याला पाण्यात नेले, दोन्ही हातांनी सरळ धरले, कल्ल्यांतून पाणी जावे म्हणून प्रवाहाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिलो. तो हातांतून निघाला, हातभर गेला आणि पोट वर करून उलटला. थोड्या वेळाने समुद्रपक्षी उतरले.

पिंक मारताना आम्ही जाणूनबुजून मारत होतो. येथे मारण्याची इच्छा नव्हती, खाण्यासाठी नव्हते, कार्डावर नोंदण्यासाठीही नव्हते. केवळ छायाचित्रासाठी आणि न पाहिल्यामुळे एक जीव गेला. शीलभंगाला चेतना लागते, असे शाळेत शिकवले होते. मारण्याच्या हेतूवाचून पहिले शील मोडत नाही. हा विचार त्या सकाळी आमच्या मनात आला आणि आम्हां दोघांनाही तो पळवाटेसारखा वाटला. पाहण्याची तसदी न घेणे, यालाही काही नाव असलेच पाहिजे. गोदाकाठच्याने ती छायाचित्रे तेथेच पुसून टाकली. माळावरच्याने एक ठेवले आहे, ते तो कुणाला दाखवीत नाही.

या घटनेनंतर आम्ही नियमांची पुस्तिका प्रथमच मुळापासून वाचली. तोवर कोणत्या दिवशी, कोठे, किती, एवढेच पाहत होतो. त्या मोजदादीमागे एक मोठा इतिहास आहे, हे तेव्हा कळले. १८५५ च्या जानेवारीत पॉइंट इलियट येथे झालेल्या तहात या किनाऱ्यावरच्या मूळ जमातींनी आपली बहुतेक भूमी सोडली, मात्र पूर्वापार जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. शेजारच्या नद्यांवरील जमातींशीही याच सुमारास असेच तह झाले. पुढे विसाव्या शतकात तोच हक्क बजावल्याबद्दल त्यांच्या लोकांना अटक होऊ लागली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना १९४५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा अटक झाली, आणि नंतर पन्नासहून अधिक वेळा. ते व त्यांचे सहकारी जाळी घेऊन नदीत उतरत राहिले. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा तह केलेल्या जमातींचा आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मुख्यतः कायम ठेवला.

हे वाचताना महाडचे चवदार तळे आठवल्याशिवाय कसे राहील? २० मार्च १९२७ चे ते ओंजळभर पाणी आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. तेथे प्रश्न पाणी पिण्याचा होता, येथे पाण्यातल्या मासळीचा. दोन्हीकडे पाण्यात उतरणे हाच गुन्हा ठरवला गेला. आपण ज्या काठावर हौसेने उभे आहोत, तेथे उभे राहण्यासाठी कुणी तुरुंगात गेले आहे, हे कळल्यावर पुन्हा काठी हाती घेताना हात थोडा जड झाला. शाईने केलेली ती नोंद तेव्हापासून आम्ही सुवाच्य अक्षरात करतो.

त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता आम्ही ग्रीन नदीवर गेलो. हीच नदी शहराजवळ डुवामिश या नावाने समुद्राला मिळते आणि आमच्या किनाऱ्यावरून गेलेले पुष्कळ पिंक तिच्यात शिरतात. समुद्रातली चांदी तेथे उरली नव्हती. नरांच्या पाठीवर मोठी मदार आली होती, जबडे वाकडे झाले होते, अंगावर पांढरे चट्टे. माद्या शेपटीने खडे उडवून खळगे करीत होत्या. एका मादीच्या पोटात हजार-दीड हजार अंडी असतात. काठावर मेलेल्या माशांचा खच आणि त्याचा उग्र दर्प. त्यांच्या कुजण्यातूनच नदीला आणि काठच्या झाडांना पोषण मिळते. गोदाकाठचा म्हणाला, हे तर सगळेच मरणार होते, आपण चार दिवस आधी मारले. माळावरचा म्हणाला, त्या चार दिवसांसाठीच तर ते दोन वर्षे जगले. वसतिगृहातही आमचे वाद असेच चालत, दिवे मालवल्यावर, वॉर्डन सरांची पावले वाजेपर्यंत. हा वाद अजून मिटलेला नाही.

२०२३ मध्ये आम्ही पुन्हा त्याच किनाऱ्यावर उभे होतो, पण निरनिराळ्या रीतीने. गोदाकाठचा हंगामात ठरवून चार मासे ठेवतो. त्यांतला एक काकांच्या घरी जातो, कारण त्यांचे गुडघे आता गोट्यांवर चालू देत नाहीत. चौथा मासा झाला की तो काठी मोडून पिशवीत घालतो, थवा समोर उसळत असला तरी. माळावरचा गळ टाकीत नाही. मासा पकडून सोडून देणे हा त्यालाही काही काळ मध्यममार्ग वाटला होता. परंतु आपल्या करमणुकीसाठी जिवाला झुंजवायचे आणि मग दयाळू व्हायचे, हे त्याला पटेना. तो जाळे धरतो. नवशिक्यांना हिरड्या पाहायला शिकवतो. या शहरातल्या काही शाळांत मुले हिवाळ्यात सॅल्मनची अंडी वर्गातल्या काचेच्या टाकीत वाढवतात आणि वसंतात पिल्ले ओढ्यात सोडतात. लिंकन पार्कजवळच्या फॉन्टलरॉय ओढ्यातही अशी पिल्ले सोडली जातात. माळावरचा आपल्या मुलीच्या वर्गाबरोबर एकदा तेथे गेला होता. प्रत्येक मुलाच्या हाती एकेक पेला, पेल्यात बोटाच्या पेराएवढे एकेक पिल्लू. मुलगी पेला तिरपा करायला तयार होईना. तिला वाटले, ते एकटे पडेल.

आमच्यापैकी कोण बरोबर, हे ठरवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पंचशीलातील प्रत्येक शीलाला आपण शिक्षापद म्हणतो. शाळेत सरांनी या शब्दाची फोड करून दिली होती: ही कुणी वरून दिलेली आज्ञा नव्हे, हा शिकण्याचा नियम आहे. त्या वेळी परीक्षेपुरते लिहिले आणि गुण मिळवले. आता वाटते, की तोंडाने म्हटलेल्या शब्दाला हाताने अडवले तेव्हाच आमचे शिकणे सुरू झाले. एकाला ते सोटा नेमका मारण्यात सापडले, दुसऱ्याला काठी खाली ठेवण्यात, आणि दोघांनाही त्या काळ्या हिरड्यांच्या माशापाशी, ज्याला आम्ही वेळेवर पाहिले नाही.

शाळेच्या सभागृहात आज जी मुले पहाटे रांगेने बसतात, त्यांना आमचा सप्रेम जय भीम. शब्द पाठ करा. ते पाठ असले, तर केव्हा तरी आडवे येतात. येत्या विषम वर्षी पिंक पुन्हा येतील, आम्हीही त्या किनाऱ्यावर असू, आणि आमचा वादही.